एका क्रियापदाची किंमत

पॅरिस, १२ डिसेंबर २०१५. हवामान कराराचा अंतिम मसुदा हाती आला आणि चौथ्या कलमातल्या एका शब्दावर अमेरिकी शिष्टमंडळ अडून बसले. विकसित देशांच्या पुढाकाराविषयीच्या वाक्यात ‘शुड’च्या जागी ‘शल’ छापले होते. म्हणजे पुढाकार ‘घ्यावा’ऐवजी ‘घेतलाच पाहिजे’. ‘शल’ राहिले असते तर करार सिनेटपुढे न्यावा लागण्याची भीती होती, आणि तिथे त्याचा निभाव लागला नसता. अखेर तांत्रिक दुरुस्त्या वाचून दाखवताना सचिवालयाने त्यातच हाही शब्द बदलून घेतला आणि हातोडा पडला.

अमेरिकेने आपले हित जपले, त्यात गैर काही नाही. पण अशी नजर बाळगण्याची ऐपत प्रत्येक देशाची नसते. एकाच वेळी अनेक दालनांत चर्चा चालते, मजकुरात न ठरलेल्या शब्दांभोवती कंस पडतात, निघतात, मध्यरात्रीनंतर नवा मसुदा येतो. जेमतेम ११ हजार वस्तीच्या तुवालूने किती माणसे कुठे बसवायची? दुबईच्या हवामान परिषदेत २०२३ साली तर अंतिम निर्णयावर हातोडा पडला तेव्हा छोट्या बेटांचे प्रतिनिधी सभागृहातच नव्हते. आपल्या गटातल्या ३९ देशांची भूमिका जुळवताना त्यांना उशीर झाला होता. त्यांच्या वतीने सामोआच्या अ‍ॅन रासमुसेन यांनी हे भर सभेत सांगितले. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. मजकुरातले अक्षरही हलले नाही.

म्हणून लंडनच्या ‘लीगल रिस्पॉन्स इंटरनॅशनल’चे काम मला मोलाचे वाटते. २००९ पासून ही संस्था गरीब देशांच्या वाटाघाटीकारांना विनामूल्य कायदेशीर सल्ला देते आहे. परक्या वकिलावर किती विसंबायचे, ही शंका रास्त आहे. भूमिका देशानेच ठरवायची. कोणता शब्द कुठे नेईल, एवढेच वकिलाने दाखवायचे.

ते दाखवणारे कोणी असले की काय होते, तेही पॅरिसमध्येच दिसते. कराराच्या आठव्या कलमाने हवामान बदलामुळे होणारे ‘हानी आणि नुकसान’ मान्य केले. सोबतच्या निर्णयातल्या ५१व्या परिच्छेदाने मात्र या कलमाच्या आधारे दायित्व किंवा भरपाई मागता येणार नाही, असे लिहून टाकले. वरवर वाचणाऱ्याला वाटेल, दार बंद झाले. कायदा जाणणाऱ्याला दिसते की बंद झाले ते फक्त आठव्या कलमाचे दार. कुक बेटे, नाउरू, तुवालू यांनी करार स्वीकारताना लेखी नोंदवून ठेवले की आंतरराष्ट्रीय कायद्याखालचे आपले इतर हक्क आपण सोडलेले नाहीत. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने सल्लागार मत दिले: हवामान करारांमुळे रूढ आंतरराष्ट्रीय कायदा बाजूला पडत नाही, आणि कर्तव्यभंग झाला तर भरपाईही द्यावी लागू शकते.

न्यायालयाचे मत घ्यावे या मागणीची सुरुवात २०१९ मध्ये केली ती साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआतूतल्या संकुलात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी. पण असे कायदेशीर बळ योगायोगावर सोडता येत नाही. आपल्याकडे गरीब पक्षकाराला मोफत वकील मिळतो, त्यामागे घटनेचे ३९-अ कलम आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही. गरीब देशांच्या प्रतिनिधींच्या प्रवासखर्चासाठी वाटाघाटींच्या व्यवस्थेत निधी आहे. तसाच त्यांच्या कायदेतज्ज्ञासाठीही हवा. आणि तो शक्यतो बेटावरच शिकलेला, दरवर्षी परत येणारा असावा. मागच्या खेपेला कोणता कंस कोणी, कुठल्या दालनात काढून घेतला, हे त्याच्या लक्षात असेल.