अपाक म्हणून सही केलीत ना?

मोबाइल खिशात जाऊ द्या. मागे उभे आहात ते पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. पालकसभेला चहापुरतं यायची सवय आहे तुम्हाला, ठाऊक आहे मला. चहा शेवटी.

आज पोटच्या पोरांबद्दल बोलायचं नाही. हजेरीपटात पालक म्हणून ज्यांच्यापुढे काका, मामा, आजी लिहिलंय, त्यांच्याबद्दल बोलायचंय. कोणाचे आईबाप कोरोनात गेले, कोणाचे नगर-पुणे रस्त्यावर, कोणाचा बाप दारूत गेला आणि आईनं दुसरं घर केलं. पोरं तुमच्या दारात आली, तुम्ही ठेवून घेतलीत. त्याची शाबासकी हवी असेल तर दिली. आता पुढचं ऐका.

भाऊ गेला, तेरावं होतं न होतं तोच वारसनोंदीला तलाठ्याकडे पळालात. एमआयडीसी आल्यापासून सुप्याच्या गुंठ्याला काय भाव आहे, तो मी सांगायला नको. सातबाऱ्यावर पोराचं नाव लागलं, अपाक, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून तुमचं लागलं. त्या कामात एक कागद कमी पडला नाही. आणि त्याच पोराच्या बालसंगोपनाच्या अर्जाचं काय? "नगरला हेलपाटे कोण घालणार, सर!"

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. महिन्याला ११०० रुपये मिळायचे, २०२३ मध्ये त्याचे २२५० झाले. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पोराला शेजारी घेऊन घरासमोर काढलेला फोटो, आणि मग बालकल्याण समितीपुढं हजर व्हायचं. यात काय अवघड आहे? ज्यांनी पैसे मिळवलेत त्यांनीही फार ताठ बसू नये. ते पोराचे आहेत, दुचाकीच्या हप्त्याचे नाहीत. नववीतल्या एकाच्या चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला मी पाहिलाय. त्याच घरातल्या दुसऱ्या पोराच्या पायात नवे बूट होते.

"खायला-प्यायला काही कमी नाही, मग याला झालंय तरी काय?" झालंय ते सांगतो. मधल्या सुट्टीत ते डबा उघडत नाही. वहीत तारीख घालतं आणि खाली पान कोरं. रात्री झोप नाही, म्हणून पहिल्या तासाला डोकं बाकावर. पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणता, "आम्ही होतो म्हणून, नाहीतर भीक मागत फिरला असता." पोरगं तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभं असतं. त्याला कान आहेत. पुढं ते रडायचं सोडून देतं आणि तुम्ही गावभर सांगता, पोर समजूतदार झालं. मुकं झालंय ते.

डॉक्टरांचं नाव काढलं की लगेच, "आमचं पोर काय येडं हाय का?" अंगारा चालतो, अमावास्येला उतारा चालतो, मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की तुमची अब्रू जाते. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात २१ देशांतल्या तरुणांना विचारलेला प्रश्न आहे: मनाचा त्रास असेल तर कोणाची मदत घ्यावी का? १५ ते २४ वयाच्या सरासरी ८३ टक्के मुलामुलींनी हो म्हटलं. भारतात ४१ टक्क्यांनी. पोरं हे घरातच शिकतात, दुसरीकडे कुठं शिकणार?

शिक्षकांनो, हसू नका. बाप वारलेल्या पोराला "उद्या वडिलांना घेऊनच ये" असं फर्मावणारे तुमच्यातलेच. जूनमध्ये हजेरीपट एकदा नीट वाचायला कितीसा वेळ लागतो? शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक नेमा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे. तो येईल तेव्हा येईल, तोवर जीभ तरी आवरा. आणि सरपंच, ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष तुम्ही आहात. शेवटची बैठक खरंच कधी भरली होती, ते इतिवृत्त काढून बघा. घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या मला दाखवू नका.

राहिले ते, ज्यांच्या घरात खोल्या मोकळ्या आहेत आणि मनात एकच धास्ती आहे: दुसऱ्याचं मूल सांभाळलं तर उद्या जमिनीत वाटा मागेल. मागणार नाही. असं मूल सांभाळणं म्हणजे प्रतिपालन, दत्तक नव्हे; त्यानं वारसाहक्क लागत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ४४ व्या कलमात त्याची सोय आहे, आणि मिशन वात्सल्य योजनेतून मुलासाठी महिना ४००० रुपयांची तरतूद आहे. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे एकट्या बाईलाही मूल सांभाळायला घेता येतं. एकट्या पुरुषालाही येतं, फक्त मुलगा. जीव लागला तर दोन वर्षांनी दत्तकाचा अर्ज करता येतो. आधी पाच वर्षं थांबावं लागे. तेव्हा सातबाऱ्याची ढाल आता पुढं करू नका.

लिहून घ्या. पोर संकटात असेल तर १०९८. मनाचा त्रास असेल तर टेलिमानस, १४४१६. दिवसा-रात्री कधीही, फुकट, आणि मराठीत बोलतात. ज्यांचे बालसंगोपनाचे अर्ज राहिलेत त्यांनी सोमवारी कागद घेऊन शाळेत या, मी स्वतः भरून देतो. पोराला बरोबर आणा. वाटेत त्याला उपकार ऐकवू नका.