सुखाला तिथी असावी

यंदा भाऊबीज 11 नोव्हेंबरला आहे आणि नाताळ 25 डिसेंबरला. मधले सहा आठवडे आपण सणांच्या हिशेबात रिकामे धरतो. फराळाचे डबे तळाला लागलेले असतात, पाहुणे परतलेले असतात, बोनस संपलेला असतो आणि संक्रांत अजून लांब असते. माझं म्हणणं असं, की वर्षातलं सर्वांत भरीव सुख याच सहा आठवड्यांत वाट्याला येतं. ते लहान लहान तुकड्यांनी येतं, म्हणून नजरेतून निसटतं. हे सुख कशातून येतं, ते कोणाच्या कष्टांवर उभं असतं आणि पुढेही मिळत राहावं यासाठी काय सांभाळावं लागेल, याचा विचार करायला लांब जायला नको. नवीन पनवेल पश्चिमेची आमची खांदा कॉलनी पुरेशी आहे.

खांदा कॉलनी ही सिडको या शासकीय नगरनियोजन महामंडळाने सेक्टरांत आखलेली वसाहत. एका अंगाला खांदेश्वर स्टेशन, जवळ खांदेश्वराचं मंदिर आणि तलाव, मध्ये चांगू काना ठाकूर महाविद्यालयाचा परिसर. इथला नोकरदार माणूस हार्बर लोकलच्या वेळापत्रकावर जगतो. मुंबईच्या टोकापर्यंत जायला सव्वा तासाहून जास्त लागतो, तेवढाच यायला. सातारा-सांगलीची, कोकणातली, खानदेशातली, केरळातली कुटुंबं एकाच जिन्याने चढतात-उतरतात. नोव्हेंबर सरता सरता पहाटेला गारवा येतो. पंखा एकवर येतो आणि मग एके रात्री बंदच राहतो. तलावाकाठी फिरायला येणारी वयस्क मंडळी सावलीचा बाक सोडून उन्हाचा बाक धरतात. भाजीवाल्यांकडे वालाच्या आणि तुरीच्या शेंगा, हिरवी लसणाची पात, आवळे, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसू लागतात. घराघरांत संध्याकाळी शेंगा सोलत बसणं सुरू होतं, आणि त्या निमित्ताने टीव्हीसमोर का होईना, पण माणसं एका परातीभोवती बसतात.

या सगळ्याला पैसा फारसा लागत नाही. त्याला लागते वेळेची चौकट, आणि ती मार्गशीर्ष देतो. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना श्रीकृष्ण महिन्यांमध्ये स्वतःला मार्गशीर्ष म्हणतो. यंदा या महिन्यातला पहिला गुरुवार 10 डिसेंबरला येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या फुटपाथांवर पाच फळांचे वाटे, पत्री, वेण्या, केवडा, लक्ष्मीचे मुखवटे आणि महालक्ष्मीव्रताच्या पातळ पोथ्या मांडलेल्या असतात. लोकलमधून उतरलेल्या बायका पर्स खांद्याला तशीच ठेवून फळं निवडतात. दुसऱ्या दिवशी घट मांडला जातो, भद्रश्रवा राजाची आणि सुरतचंद्रिका राणीची कहाणी वाचली जाते, संध्याकाळी गोडाचा नैवेद्य होतो. मग पुन्हा सात दिवस थांबायचं. याच महिन्यात चंपाषष्ठी येते. चातुर्मासात कांदा-वांगं वर्ज्य करणाऱ्या घरांत त्या दिवशी खंडोबाला वांग्याच्या भरताचा आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग स्वतः खातात. चार महिने न खाल्लेल्या भरताची चव ज्याने घेतली आहे, त्याला पुढचं सगळं सांगण्याची गरजच नाही.

अनेक मराठी घरांत मार्गशीर्षभर मासे-मटण बंद असतं. त्याच मजल्यावर केरळी ख्रिस्ती कुटुंब असेल, तर त्यांच्याकडेही डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून नाताळपर्यंत सामिष बंद असण्याची शक्यता मोठी. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत नाताळापूर्वी पंचवीस दिवसांचं व्रत असतं, त्याला मल्याळीत नोयम्बु म्हणतात. समोरासमोरच्या दोन दारांआड, एकमेकांना न विचारता, एकाच सुमाराला तवा मासळीवाचून राहतो. एका घरात महालक्ष्मीसाठी, दुसऱ्या घरात येशूच्या जन्मासाठी. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. आनंदाआधी थोडं थांबावं, थोडं कमी करावं, हे शहाणपण दोन्ही परंपरांनी आपापल्या वाटेने जमवलं आहे.

ख्रिस्ती जगात नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. यंदा तो 29 नोव्हेंबरला सुरू होतो. या काळात मेणबत्त्यांचं चक्र ठेवण्याची पद्धत आहे, आणि तिची हकिकत सांगण्याजोगी आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्‍रिख विखर्न नावाच्या धर्मोपदेशकाने गरीब मुलांसाठी आश्रम काढला होता. नाताळ कधी येणार, असं मुलं रोज विचारत. 1839 साली त्याने लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या : रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान लाल. रोज एक जास्त पेटायची. ज्या मुलांना भेटवस्तू फारशा मिळणार नव्हत्या, त्यांना त्याने दिवस मोजण्याचा आनंद दिला. ज्यूंच्या हनुक्कातही हेच तत्त्व आहे; आठ संध्याकाळी दर दिवशी एक ज्योत वाढवायची. यंदा हनुक्का 4 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो, आणि आपल्या पनवेल शहरात बेने इस्रायली समाजाचं बेथ एल हे प्रार्थनामंदिर 1849 सालापासून उभं आहे. दर गुरुवारी एक घट, दर रविवारी एक मेणबत्ती, दर संध्याकाळी एक ज्योत. आनंद हप्त्याने घ्यावा, हे या सर्वांना पटलेलं दिसतं.

मानसशास्त्राने अलीकडे जे तपासलं, ते याला दुजोरा देतं. सुख सवयीचं झालं की विरतं, हे त्या शास्त्रात जुनं निरीक्षण आहे. जॉर्डी क्वादबाक आणि एलिझाबेथ डन या संशोधकांनी 2013 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आठवडाभर चॉकलेट खाऊ नका सांगितलं, काहींना भरपूर देऊन हवं तेवढं खा म्हटलं, काहींना काहीच सांगितलं नाही. आठवड्यानंतर सर्वांना चॉकलेट दिलं, तेव्हा ज्यांनी वर्ज्य केलं होतं त्यांनी ते अधिक चवीने खाल्लं. नेदरलँड्समध्ये दीड हजार प्रौढांच्या 2010 सालच्या एका अभ्यासात, सुट्टीला जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले. परतल्यावर मात्र बहुतेकांत तो फरक उरला नव्हता. म्हणजे सुखाचा मोठा वाटा वाट पाहण्यातच असतो. आणि आपण नेमकी वाट पाहणंच रद्द करत चाललो आहोत. मोबाइलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत वस्तू दारात येते. वाटाणा बारा महिने गोठवलेला मिळतो, आणि त्यामुळे डिसेंबरचा पहिला ताजा वाटाणा सोलताना तोंडात टाकण्याचं अप्रूप मुलांना कळत नाही. सोय वाईट नाही. आजारी माणसाला, एकट्या वृद्धाला ती मोठा आधार आहे. पण प्रत्येक गोष्टीची सोय झाली की कोणत्याच गोष्टीची तिथी राहत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. लहान सुखांचं कौतुक करणारे लेखक नकळत असं सुचवतात, की माणसाने आहे त्यात समाधान मानावं. ज्याच्यावर थांबणं लादलेलं आहे त्याला थांबण्याचं महत्त्व सांगणं हा अन्याय आहे. रेशनच्या, पाण्याच्या टँकरच्या, नोकरीच्या प्रतीक्षेत कसलंही सुख नाही. स्वतःहून धरलेला संयम आणि परिस्थितीने केलेली अडवणूक यांची गल्लत होता कामा नये. दुसरी गोष्ट घरातली. मार्गशीर्षातला उपास बाई करते, घट ती मांडते, नैवेद्य ती रांधते आणि सकाळची लोकलही तीच पकडते. नाताळापूर्वी वसई-गोव्याच्या घरांत नेवऱ्या, कुलकुल, दोदोल करताना हात दुखतात तेही बहुतांशी बायकांचेच. घरातल्या एकाच्या श्रमावर बाकीच्यांनी चाखलेल्या सुखाला लहान म्हणता येत नाही. त्याची किंमत कोणीतरी पुरी मोजलेली असते. शेंगा सोलणं, फळं आणणं, भांडी घासणं पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घेतलं, तरच हा महिना सगळ्यांचा होईल. थकलेल्या माणसाला चवीने जगता येत नाही, एवढं तरी आपण मान्य करू.

तिसरी गोष्ट जमिनीची आहे, आणि खांदा कॉलनीत राहणाऱ्याला ती विसरण्याचा अधिकार नाही. रायगडचे हे सहा आठवडे ज्या सुखाची वाट पाहतात, ते म्हणजे पोपटी. भाताची कापणी झाली की त्याच खाचरात, मातीत मुरलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबर संपत येताना शेंगा धरू लागतात. मग गार रात्री शेताच्या कडेला माणसं जमतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाल्यानेच तोंड बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होतं, पाल्याचा वास सुटतो आणि जाणती माणसं पोपटी झाल्याचं सांगतात. तोवर अर्धा-पाऊण तास गप्पांखेरीज करण्यासारखं काही नसतं. तो अर्धा-पाऊण तास हाच पोपटीचा गाभा आहे.

पण पोपटीला खाचर लागतं. सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. ते दिवसही पोपटीच्या मोसमातले होते. आपले गाळे, बागा आणि रुंद रस्ते त्या खाचरांवर आहेत. पुढे नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. आणि 25 डिसेंबर 2025 रोजी, ऐन नाताळात, तिथून प्रवासी विमानं उडू लागली. मला विमानतळ नको असं म्हणायचं नाही. शहराला त्याची गरज होती आणि आमच्या मुलांना तिथे नोकऱ्या मिळाव्यात असं मला मनापासून वाटतं. पण आज शहरातले लोक पैसे भरून शेतघरांवर पोपटीच्या सहली करतात, तेव्हा त्या शेंगा कोणाच्या शेतातून येत होत्या आणि ते शेत कुठे गेलं, हे ठाऊक असायला हवं.

वसईने हा प्रश्न वेळेवर विचारला. 1980च्या दशकाच्या अखेरीस तिथली हिरवी जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत पुढे उभे राहिले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, उस्मानाबादच्या 2020 सालच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि 2024 साली निधन पावलेले हे मराठी लेखक-धर्मगुरू. वाड्या, विहिरी आणि केळीच्या बागा वाचवणं हे त्यांना धर्मकार्यच वाटत होतं. दि. बा. पाटील आणि फादर दिब्रिटो यांची नावं एरवी एका वाक्यात येत नाहीत. मला ती एकत्र आणावीशी वाटतात, कारण सामान्य माणसाच्या साध्या आनंदाखालची जमीन कोणाची, हा प्रश्न दोघांनीही आपापल्या परीने धसाला लावला.

यंदा एक सुंदर योग आहे. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार 24 डिसेंबरला येतो, म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळी. एका दारात घटाला आरती होईल, समोरच्या दाराशी कागदी तारा लुकलुकेल आणि मंडळी मध्यरात्रीच्या मिस्साला निघण्याच्या तयारीत असतील. गोव्यात नाताळचं गोडधोड ताटात भरून शेजाऱ्यांकडे पाठवण्याची रीत आहे. आपल्याकडे दिवाळीचं ताट असंच झाकून जातं आणि रिकामं परत येत नाही. त्या संध्याकाळी आपला नैवेद्याचा शिरा समोर जावा आणि समोरचा केक आपल्याकडे यावा. धर्मांमधल्या सलोख्याची भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. शेजाऱ्याच्या व्रताची तारीख माहीत असणं आणि त्याचं व्रत सुटेल तेव्हा आपल्या घरचं काहीतरी त्याच्या ताटात असणं, हे त्या भाषणांहून जास्त काम करतं.

म्हणून या सहा आठवड्यांसाठी माझी मागणी मोजकी आहे. एखादा पदार्थ, एखादी चैन, मोबाइलवरची एखादी सवय ठरवून नाताळपर्यंत बाजूला ठेवावी, आणि नंतर ती पुन्हा हाती घेताना मन लावून घ्यावी. घरातलं काम वाटून घ्यावं. गावठाणातल्या शेतकऱ्याकडून वाल घ्यावा, आणि त्याने सांगितलेल्या भावाला घ्यावा. खांदेश्वरचा तलाव, त्याभोवतीची झाडं, उन्हात बसायचे बाक यांच्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा, सभेला जावं, पाठपुरावा करावा. पनवेल महापालिका 2016 साली झाली. तिच्या पुढच्या आराखड्यांत खाचरं, खाजणं आणि तलाव उरतील की नाही, हे आपल्या त्या सभांना जाण्यावर ठरेल. सुखाची तिथी कॅलेंडरात छापून येईल. ती पाळता येईल अशी जागा, वेळ आणि शेजार टिकवणं मात्र आपल्यालाच करावं लागेल, आणि ते काम सुखाइतकंच रोजचं आहे.