चौघांच्या गटाला गिटच कशाला?

बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये जितके स्मार्टफोन असतात, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात एसक्यूलाइट हा डेटाबेस असतो. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींचा तो भाग आहे. इतक्या सर्वदूर पोचलेल्या प्रणालीचा मूळ कोड मात्र कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिट या प्रणालीत नाही. एसक्यूलाइटचे कर्ते डी. रिचर्ड हिप यांनी फॉसिल नावाची स्वतंत्र आवृत्ती-नियंत्रण प्रणाली लिहिली आणि २००९ पासून हा कोड तिच्यात आहे. सीप्झ, साकीनाका, पवई इथे नव्याने कामाला लागणाऱ्या मुलामुलींना गिट आणि गिटवरचे प्रकल्प जिथे ठेवतात ते गिटहब पाठ असते. फॉसिलचे नाव क्वचितच कानावर आलेले असते. याचे मला मनापासून वाईट वाटते.

गिट उत्तम आहे. पण ते कुणासाठी घडले हे विसरू नये. २००५मध्ये बिटकीपर या तशाच प्रणालीच्या मोफत वापराची परवानगी गेली, तेव्हा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिले. जगभर विखुरलेले, एकमेकांना न ओळखणारे हजारो लोक बदल पाठवतात आणि वरची मंडळी ते पारखून घेतात, अशी ती कामाची रीत. त्याच वेळी, त्याच कारणाने मर्क्युरियल ही आणखी एक प्रणालीही जन्मली. बिटबकेट ही सेवा २००८मध्ये मर्क्युरियलसाठीच सुरू झाली आणि २०२०मध्ये तिनेच मर्क्युरियल सोडले. सारे गिटहबवर, म्हणून आपणही तिथेच, या ओढीचा गिटच्या विजयात मोठा वाटा आहे.

साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात चौघे जण शेजारी बसून काम करतात, त्यांची गरजच निराळी. कोण काय करतो आहे हे त्यांना लगेच दिसायला हवे. फॉसिलमध्ये कमिट केले की बदल आपोआप सामाईक सर्व्हरवर जातो. कोड, बगची तिकिटे, विकी, चर्चा हे सगळे एकाच रिपॉझिटरीत असते आणि ती रिपॉझिटरी म्हणजे एसक्यूलाइटची एक फाइल. गिटमध्ये कोडची प्रत प्रत्येकाकडे असते खरी, पण ‘हा निर्णय आपण का घेतला?’ याचे उत्तर बहुधा गिटहबवरच्या चर्चेत असते, आणि गिटहब २०१८पासून मायक्रोसॉफ्टचे आहे. डिसेंबर २०१४मध्ये सरकारी आदेशाने जी ३२ संकेतस्थळे आपल्याकडे बंद झाली, त्यांत गिटहबची गिस्ट सेवाही होती. २०१९मध्ये अमेरिकी निर्बंधांपायी इराण, सीरियातल्या प्रोग्रामरांना आपल्याच खासगी रिपॉझिटरींची दारे बंद झाली. आपल्या कामाची स्मृती आपल्या हाती असावी, हा आग्रह त्यामुळे मला अवाजवी वाटत नाही.

फॉसिलचा दुसरा गुण मला त्याहून मोलाचा वाटतो. गिटमध्ये रिबेस करून मागचा इतिहास नीटनेटका करता येतो. फॉसिलने ती सोय जाणूनबुजून ठेवलेली नाही. किर्दीत चुकलेली नोंद खोडत नाहीत, उलट नोंद टाकतात, तसेच इथे. चूक कुठे झाली, ती कुणी कशी निस्तरली, हे नव्या माणसाला वाचता येते, आणि शिकणाऱ्याला साफसूफ केलेल्या इतिहासापेक्षा हा खडबडीत इतिहास कितीतरी जास्त शिकवतो.

यावर ‘नोकरी गिटवर मिळते’ हा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. अवाढव्य प्रकल्पांत फॉसिल मंदावते, हेही खरे. म्हणून गिट शिकवू नका, असे कुणी म्हणणार नाही. पण अंधेरी, कांदिवली, विद्याविहार इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तीन-चार जणांचाच असतो. तो फॉसिलमध्ये करू द्यावा. मार्गदर्शकाला एका फाइलमध्ये कोड, तिकिटे आणि कुणाचे किती काम हे सारे दिसेल. मुलाखतीसाठी तोच प्रकल्प फॉसिलमधून गिटमध्ये निर्यात करून गिटहबवर ठेवता येतो. एसक्यूलाइटची गिटहबवरची प्रत अशीच ठेवलेली आहे.