कायद्याने पुसलेले आडनाव

एप्रिल १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसायला लंडनला निघाला. एडिंबरा सोडण्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिलला, त्याच्या प्रिव्ही कौन्सिलने एका आडनावावरच बंदी घातली. यापुढे मॅकग्रेगर हे नाव कोणी लावायचे नाही. लावणाऱ्याला देहान्ताची शिक्षा. स्कॉटिश घराण्यांची मुळे शोधणारे बहुधा पहिल्या ज्ञात पूर्वजापासून सुरुवात करतात. मॅकग्रेगरांचा इतिहास मात्र या हुकमापासून वाचावा, असे मला वाटते. आडनाव म्हणजे रक्ताचा पुरावा, ही सार्वत्रिक समजूत इथे कसाला लागते.

पूर्वज म्हणाल तर या कुळाचा दावा मोठा आहे. नवव्या शतकातल्या केनेथ मॅकआल्पिन राजाशी ते नाते सांगतात, आणि राजवंशाचा अभिमान त्यांच्या ब्रीदवाक्यातही आहे. कागदपत्रांचा आधार मात्र चौदाव्या शतकापासून मिळू लागतो: आर्गाइलच्या डोंगराळ भागातला ग्रेगर आणि त्याचा एकाक्ष मुलगा इयान. ग्लेन ऑर्की, ग्लेनस्ट्रे ही त्यांची खोरी. त्या मुलखात रोजच्या व्यवहारात माणूस ओळखला जाई तो अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू म्हणून. कुळाचे नाव लागे ते राजा, जमीनदार किंवा शत्रू समोर आला की. म्हणजे आडनावाचे काम घराबाहेर होते.

आणि घराबाहेरच ते हरले. जमीन पिढ्यान्‌पिढ्या मॅकग्रेगर कसत होते, पण तिच्या सनदा राजाकडून मिळत गेल्या कॅम्बेल या दुसऱ्या कुळाला. ताबा एकाचा आणि कागद दुसऱ्याचा, अशा स्थितीत शेवटी कागद जिंकतो. हुसकावलेल्या लोकांनी गुरे पळवण्याचा मार्ग धरला. ७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रून इथे त्यांनी लस या गावच्या कोलहून कुळाची मोठी कत्तल केली आणि दोन महिन्यांच्या आत बंदीचा हुकूम निघाला. कुळाचा प्रमुख, ग्लेनस्ट्रेचा आलस्टर मॅकग्रेगर, याला जानेवारी १६०४ मध्ये एडिंबरात फाशी दिली गेली. कत्तलीचा गुन्हा खरा होता. पण शिक्षा गुन्हेगारांना देऊन भागले नाही. जे त्या दिवशी खोऱ्यात नव्हते आणि जे अजून जन्मालाही यायचे होते, तेही नावामुळे दोषी ठरले.

बंदी राबवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. १६३३ च्या कायद्याने धर्मगुरूंना ग्रेगर नावाने बाप्तिस्मा देण्याची मनाई केली आणि दस्त लिहिणाऱ्यांना त्या नावाने करार करण्याची. जन्म आणि व्यवहार या दोन्ही नोंदी बंद केल्या की माणूस जिवंत राहतो, पण सरकारदरबारी उरत नाही. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, कारण यादवी युद्धात हे कुळ राजाच्या बाजूने लढले होते. १६९३ मध्ये राजा विल्यमच्या राजवटीत ती पुन्हा लागली आणि कायमची उठली १७७४ मध्ये.

या पावणेदोनशे वर्षांतला बराच काळ लोकांनी मरे, ड्रमंड, ग्रॅहम, स्ट्यूअर्ट ही नावे लावली. कित्येकांनी तर कॅम्बेल हेच नाव घेतले. ज्याच्या जमिनीवर राहायचे, ज्याच्या आश्रयाने जगायचे, त्याचे नाव. वॉल्टर स्कॉटने ज्याचे नाव कादंबरीला दिले तो रॉब रॉय मॅकग्रेगर हाही सह्या करताना रॉबर्ट कॅम्बेल असे; कॅम्बेल हे त्याच्या आईचे माहेरचे नाव. तेव्हा आज एखादा ड्रमंड मुळात ड्रमंडच असेल असे नाही.

स्थलांतराच्या हिशेबातही हीच अडचण येते. जेम्स मॅकग्रेगर नावाचा धर्मगुरू १७१८ मध्ये आयर्लंडमधल्या अल्स्टरमधून आपले लोक घेऊन अमेरिकेला गेला. न्यू हॅम्पशायरमधल्या लंडनडेरी गावाच्या वसाहतीत त्याचा मोठा वाटा आहे. स्कॉटलंडमध्ये जे नाव लावणे गुन्हा होता, ते समुद्रापलीकडे तो उघडपणे लावत होता. उलट उदाहरण मेरीलँडच्या मग्रूडरांचे. त्यांचा मूळ पुरुष सतराव्या शतकाच्या मध्याला तिथे पोचला. आपले नाव हा मॅकग्रेगरचाच अपभ्रंश, अशी वंशजांची खात्री पटली आणि १९०९ मध्ये अमेरिकन क्लॅन ग्रेगर सोसायटी स्थापण्यात त्यांनीच पुढाकार घेतला. पुढच्या संशोधनात मग्रूडर हे पर्थशायरमधले वेगळेच आडनाव निघाले. ज्या नावापायी पूर्वी जीव जाई, ते आता हौसेने अंगावर घेतले जात होते. मध्यंतरी स्कॉटची कादंबरी सर्वत्र वाचली गेली होती, हे विसरून चालणार नाही.

या घराण्याचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. बंदी उठल्यावर कुळाला प्रमुख हवा होता. ८२६ जणांनी सह्या करून ज्याला प्रमुख मानले तो जॉन मरे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातला अधिकारी होता. त्याचा मुलगा इव्हान फेब्रुवारी १८१८ मध्ये खानदेशातल्या थाळनेरच्या किल्ल्यात शिरताना गंभीर जखमी झाला, तोही मरे या नावानेच. मॅकग्रेगर हे नाव त्याने १८२२ मध्ये राजाच्या परवानगीने परत घेतले. वंशपरंपरेचा एवढा अभिमान असलेल्या कुळाने आपला प्रमुख सह्या गोळा करून ठरवला आणि त्याच्या घराण्याने नाव सरकारी परवान्याने मिळवले! हाच इव्हान पुढे बार्बाडोसचा गव्हर्नर झाला. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या असंख्य माणसांकडे स्कॉटिश आडनावे राहिली ती याच कॅरिबियन बेटांत. जमैकातल्या कॅम्बेलांची संख्या पाहून कोणी त्या सर्वांचे मूळ आर्गाइलमध्ये शोधू लागला, तर तो मळ्यांचा इतिहासच पुसून टाकील.

यावर कोणी म्हणेल की आता जनुकांची चाचणी आहे, ती खरे सांगेल. पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरून बापाकडची ओळ जुळवता येते, हे मान्य. पण ती दर पिढीतला एकच पूर्वज धरते. दहा पिढ्या मागे गेले तर हजारावर पूर्वजांपैकी एक. शिवाय मॅकग्रेगरांपुरता प्रश्न असा आहे की बंदीच्या काळात स्वतःला मनातून मॅकग्रेगर मानणारा, चोरून ती ओळख मुलांना सांगणारा माणूस रक्ताने दुसराच निघाला, तर त्याला कुळाबाहेर काढायचे का? त्या ८२६ सह्या करणाऱ्यांची कोणी रक्ततपासणी केली नव्हती. एकत्र भोगलेली मनाई त्यांना पुरेशी होती.

म्हणून आडनावाला विचारण्याचा प्रश्न बदलायला हवा. आमचा पहिला पुरुष कोण, याचे उत्तर बहुधा दंतकथेत हरवते. हे नाव कोणी लिहिले, कोणत्या दस्तावर लिहिले, ते लावल्याने काय मिळत होते आणि न लावल्याने काय वाचत होते, यांची उत्तरे दप्तरांत सापडतात. त्यांतून जो इतिहास निघतो तो वंशाचा कमी आणि सत्तेचा अधिक असतो. पूर्वजांना नुसते शूर ठरवण्यापेक्षा त्यांच्यापुढचे पेच समजून घेणे त्यातूनच साधते.