माफ करणारा फ्यूज

माणसांसारखेच फ्यूजचेही दोन प्रकार असतात. पहिला काचेच्या नळीतला. वीज जास्त झाली की आतली तार वितळते आणि गडी कामी येतो. एकदाच! दुसरा जळत नाही. तो तापतो, रुसून बसतो आणि निवला की पुन्हा कामाला लागतो. त्याला पॉलीफ्यूज म्हणतात. आमच्या बँकेत या दुसऱ्या जातीचा नमुना अजून पाहण्यात नाही. तिथे एकदा तापलेला माणूस निवृत्तीपर्यंत निवत नाही.

या फ्यूजशी माझी गाठ भाच्यामुळे पडली. ताईचं सासर वेल्हे तालुक्यात. (तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, पण दाजींच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) पोरगा डिप्लोमाला आहे. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून त्याने आर्डुइनोचा बोर्ड बसवायला घेतला. हा आर्डुइनो इटलीतल्या इव्रेया गावचा, जन्म २००५ सालचा. त्याचं नाव पडलं तिथल्या एका बारवरून आणि बारचं नाव १००२ साली इटलीचा राजा झालेल्या अर्दुइनवरून. म्हणजे घराणं मोठं, फक्त मधली एक पिढी जरा तशी!

तर या राजाला वायरी जोडताना तांब्याची एक केसाएवढी तार सुटली आणि पाच व्होल्ट व ग्राउंड या दोन पिनांवर आडवी पडली. शॉर्ट सर्किट! दिवा गेला. आणि घरात चौकशी बसली. काय झालं याची नव्हे, कोणी केलं याची. दाजींनी दोन मिनिटांत निकाल दिला, "तरी सांगत होतो, नसते उद्योग करू नको म्हणून. आठशे रुपये पाण्यात!" मग रात्रभर बोर्ड मोबाईलच्या चार्जरला लावून ठेवला. सकाळपर्यंत काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा तोंड पाडून भोरला आला. आम्ही टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. कोणी केलं, हे त्यांनी विचारलंच नाही. मीटरची दोन टोकं टेकवली, मीटर कुई करून ओरडला. भिंगातून पाहिलं, चिमट्याने ती तार उचलली, पुन्हा टोकं टेकवली. मीटर गप्प. मग म्हणाले, "आता चार्जर लावू. फ्यूज एव्हाना निवलाय." हिरवा दिवा लागला. मायक्रोकंट्रोलर शाबूत होता. "बाराची वायर पाचच्या पिनेला लागली असती तर मात्र चिप गेली असती," ते म्हणाले. "मग नवी आणायची आणि तिला पहिल्यापासून शिकवायचं." नव्या कारकुनासारखंच म्हणायचं!

चहा घेताना त्यांनी मला फ्यूजचं पोट समजावलं. आत प्लॅस्टिक आणि त्यात कार्बनचे कण. तापलं की प्लॅस्टिक फुगतं, कणांची साखळी तुटते, वीज अडते. थोडीशी झिरपत राहते, तीच त्याला तापता ठेवते. म्हणून तार अडकलेली आणि चार्जर चालू, असं असेपर्यंत तो राग सोडतच नाही. आधी पुरवठा बंद करायचा. आणि आणखी एक : एकदा तापलेल्या फ्यूजचा रोध निवल्यावरही पहिल्यापेक्षा किंचित जास्तच राहतो.

इथे माझा चहा थंड झाला. किंचित जास्त राहतो, तर मग ती माफी म्हणायची का?

आमच्या भागात या प्रश्नाला जुना दाखला आहे. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा उत्रोळीचे खंडोजी खोपडे त्याला जाऊन मिळाले. पुढे त्यांच्यासाठी कारीच्या कान्होजी जेध्यांनी रदबदली केली. महाराजांनी कान्होजींच्या शब्दाखातर खोपड्यांचा जीव राखला, पण एक हात आणि एक पाय तोडवला. राज्य चालवायचं तर तेवढा रोध ठेवावा लागत असेल. फितुरी आणि तांब्याची तार एका तराजूत घालण्याइतका मी खुळा नाही. पण घरोघरी आपण घालतो ती तारच, आणि शिक्षा मात्र फितुरीची देतो.

बँकेत हिशेबात नऊशेचा फरक आला की कॉमर्स शिकलेला माणूस आधी नवाने भागून पाहतो. भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेले असतात, ५४०० चे ४५०० झालेले. पाच मिनिटांत सापडतं. मग उरलेला दिवस 'कोणाच्या हातून' यात जातो, आणि ते नाव पुढच्या दहा वर्षांच्या प्रत्येक फरकाला पहिलं आठवतं. फ्यूजचं मला आवडलं ते इथेच. त्याला काय झालं ते आठवतं, पण कोणी केलं हे त्याच्याजवळ लिहिलेलं नसतं. किंचित रोध मला चालेल. माणसाला कोरी पाटी करायला सांगणं हा अन्यायच आहे, विशेषतः ज्याचे आठशे रुपये आहेत त्याला.

भाच्याने सगळ्या वायरींची टोकं पिळून वर सोल्डर चढवलं आणि बोर्ड टाकीवर बसवला. पंप वेळेवर बंद होतो. दाजी तरीही शिडी लावून वर बघून येतात. ताई म्हणते, "पहिल्यांदा दिवसातून तीनदा चढायचे, आता एकदाच."