दार कोणासाठी उघडते?

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत दहावीच्या वर्गात एकदा अमेरिकेतील मुलींच्या महाविद्यालयांविषयी बोलणे निघाले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘आपा, वहाँ भी पर्दा है क्या?’ सगळा वर्ग हसला. मीही हसले. घरी आल्यावर मात्र वाटले, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. स्त्रियांसाठी वेगळी जागा कशासाठी असते? त्यांना कोंडून ठेवण्यासाठी, की वाढू देण्यासाठी? आणि अशा जागेचे दार निवडक मुलींसाठीच उघडत असेल, तर ती निवड न्याय्य कधी म्हणायची?

फिलाडेल्फिया शहराजवळचे ब्रिन मॉर हे असे एक खासगी महाविद्यालय. ते 1885 साली सुरू झाले. ज्या काळात मुलींना थोडे लिहिता-वाचता आले की पुरे असे मानले जाई, त्या काळात या महाविद्यालयाने स्त्रियांसाठी पीएच.डी.पर्यंतच्या शिक्षणाची सोय केली. प्रवेश परीक्षा कठीण ठेवली. येथे एकाच विषयाला जुंपून घ्यायचे नसते. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, विज्ञान या साऱ्यांची ओळख करून घेत मन घडवायचे असते. अशा शिक्षणातून लगेच नोकरी मिळतेच असे नाही, पण विचार करण्याची सवय लागते. 1892 मध्ये विद्यार्थिनींनी स्वतःचे नियम स्वतः ठरवणारी संस्था स्थापन केली. तिथल्या अनेक परीक्षा मुली आपल्या सोयीची वेळ ठरवून, पर्यवेक्षकाशिवाय देतात. एकमेकींचे गुण विचारायचे नाहीत, असाही तिथला संकेत आहे.

मार्च महिन्यात बोर्डाच्या परीक्षेला वर्गात फेऱ्या मारणाऱ्या माझ्यासारखीला हे चटकन खरे वाटत नाही. पण त्यामागचा विचार पटतो. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो, तो बहुतेक वेळा त्या विश्वासाला जागतो. मागच्या बाकावरच्या मुलीला माझे उत्तर एवढेच, की भिंत तीच असते, पण भिंतीच्या आत मुलीच्या हाती काय दिले जाते यावर ती कोठडी की आसरा हे ठरते.

इथपर्यंत सारे सोपे आहे. पुढे अडचण येते.

या महाविद्यालयाचा कणखर पाया घालणारी स्त्री म्हणजे एम. कॅरी थॉमस. ती तिथली पहिली डीन आणि 1894 ते 1922 पर्यंत अध्यक्ष. तिची स्वतःची तालीम सुखाने झाली नव्हती. 1877 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तिला प्रवेश दिला, पण पुरुषांबरोबर वर्गात बसू दिले नाही. ती जर्मनीत गेली. लाइपझिगला शिकली, तरी स्त्री म्हणून तिला तिथे पदवी मिळणार नव्हती. शेवटी 1882 मध्ये झ्युरिक विद्यापीठाने तिला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट दिली. बंद दार म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

आणि याच बाईंच्या कारकिर्दीत जेसी फॉसेट ही फिलाडेल्फियाची हुशार कृष्णवर्णीय मुलगी ब्रिन मॉरमध्ये शिकू शकली नाही. तिची गुणवत्ता कमी पडली नव्हती. तिला कॉर्नेल विद्यापीठात पाठवण्याची व्यवस्था झाली आणि त्या कामी थॉमसबाईंनी मदतही केली. म्हणजे मुलगी शिकावी, पण आपल्या घरात नको! फॉसेट 1905 मध्ये कॉर्नेलची पदवीधर झाली आणि पुढे नामवंत लेखिका व संपादक झाली. ब्रिन मॉरमधून पहिली कृष्णवर्णीय पदवीधर बाहेर पडायला 1931 साल उजाडले. तिचे नाव ईनिड कुक. तिलाही वसतिगृहात राहू दिले गेले नव्हते.

मग थॉमसबाईंना काय म्हणायचे? त्यांच्याच पुढाकाराने 1921 मध्ये ब्रिन मॉरमध्ये कामगार स्त्रियांसाठी उन्हाळी शाळा सुरू झाली, हेही खरे आहे. कारखान्यातल्या मुली त्या देखण्या इमारतींत बसून शिकल्या. एकाच माणसाच्या हातून एक दार उघडते आणि दुसरे बंद राहते. 2018 मध्ये महाविद्यालयाने आपल्या जुन्या ग्रंथालयाचे थॉमस हे नाव काढले. तो निर्णय योग्य होता असे मला वाटते. पण नाव काढल्याने प्रश्न मिटत नाही.

आपण अल्पसंख्य समाजाची माणसे. आपल्यावर अन्याय झाला, हे आपण अनेकदा सांगतो आणि ते खोटे नसते. पण अन्याय सोसला म्हणून माणूस आपोआप न्यायी होत नाही. सोसलेल्या माणसाला आपल्या दुःखाचा हिशेब तोंडपाठ असतो, दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब त्याला बसून शिकावा लागतो.

कोणी म्हणेल, जागा शंभर आणि मागणारे हजार असतील तर निवड करावीच लागणार. मान्य. निवड करणे हा गुन्हा नाही. पण निवडीची कसोटी कोण ठरवतो आणि त्या कसोटीत कोण आधीच नापास होते, हे निवडणाऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे.

हे मी दुसऱ्याला सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासासाठी मी वीस मुली निवडल्या. कसोटी साधी होती : गुण आणि वेळेवर हजेरी. एक मुलगी रोज उशिरा येई. तिला मी वगळले. पुढे कळले, की सकाळचे पाणी भरून, धाकट्या भावाला तयार करून ती शाळेत येत असे. ‘आपा, मेरा नाम नहीं है?’ असे तिने एकदाच विचारले होते. मी म्हटले, ‘वेळेवर येत जा.’ माझी कसोटी सर्वांना सारखी होती, आणि तरीही ती तिच्या घरातली पहाट मोजत नव्हती.

आता यादी करण्यापूर्वी मी प्रत्येक मुलीच्या घरी काय चालते ते विचारते. जागा तरीही वीसच आहेत. कोणी ना कोणी बाहेर राहतेच. म्हणून आत आलेल्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की ही जागा बक्षीस नाही, अमानत आहे. जी बाहेर राहिली, तिचाही या शिकण्यावर हक आहे. आठवड्यातून एक तास आपली वही घेऊन तिच्याजवळ बसा.

ती मुलगी कधी रस्त्यात भेटते. ‘सलाम आपा’ म्हणते. मी उत्तर देते. तिने पुन्हा काही विचारले नाही. विचारण्याचे काम आता माझे आहे.