सांगितलेली कथा पुन्हा सांगताना

नाताळाच्या आधीचा महिना हा आमच्या धर्मग्रामात तालमींचा महिना असतो. गोदाकाठच्या या लहानशा धर्मग्रामात येशूजन्माची एकच नाटिका वर्षानुवर्षे होत आली होती. ती येथे धर्मशिक्षण देणाऱ्या एका मास्तरांनी लिहिलेली. मास्तर आता देवाघरी गेले आहेत. काही वर्षांपूर्वी युवक मंडळातील, बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने त्या नाटिकेची वही आमच्यापुढे ठेवली. तिने नाटिका बदलली होती. मास्तरांच्या लेखनात धर्मशाळेचा मालक योसेफाला दारातूनच परत पाठवतो आणि तेथेच त्याचे काम संपते. मुलीने त्या मालकाला बायको दिली होती. ही बाई नवऱ्याच्या नकळत कंदील व पाण्याची घागर घेऊन रात्री गोठ्याकडे जाते आणि पुढची सारी कथा तीच सांगते.

आम्ही दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, शुभवर्तमानात अशी बाई नाही. दुसरा असा की, हे मास्तरांचे लेखन आहे. त्यात हात घालण्याचा अधिकार तुला कोणी दिला? मुलगी हळूच म्हणाली, "फादर, शुभवर्तमानात मालक तरी कुठे आहे?" आम्ही तिला गप्प केले. त्या वर्षी जुनीच नाटिका झाली.

पण प्रश्न मनातून जाईना. रात्री संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढून वाचला. उतरायला जागा नव्हती, बाळाला गव्हाणीत ठेवले, एवढेच तेथे आहे. मालक नाही. बैल नाही, गाढवही नाही. १२२३ साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गव्हाणीजवळ खरेखुरे बैल व गाढव उभे केले, तेव्हाही ही जनावरे यशयाच्या एका वचनावरून आणि नंतरच्या भाविक कथांतून तेथवर आली होती. आम्ही स्वतःच्या हातांनी ती दर डिसेंबरात मांडत होतो आणि एका मुलीला मात्र "हे शास्त्रात नाही" म्हणून थांबवत होतो.

आजची तरुण मुले आवडत्या कादंबरीतील वा चित्रपटातील पात्रे घेऊन स्वतःच्या कथा रचतात. तिला ती 'फॅन फिक्शन' म्हणतात. एकाने रचलेली अशी कथा दुसरा घेतो, तिचा शेवट बदलतो, गौण पात्राला बोलते करतो, तिला दुसऱ्या गावी नेतो. वडीलधाऱ्यांना यात उसनवारी दिसते. परंतु मराठी वाचकाने हे नवे म्हणून नाक मुरडावे, असे त्यात काही नाही. आमच्या नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या लिअर राजाची व्यथा एका निवृत्त नटाच्या घरात आणली आणि १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. शिवाजी सावंतांनी १९६७ च्या 'मृत्युंजय'मध्ये महाभारत कर्णाच्या आणि त्याच्या भोवतीच्या माणसांच्या तोंडून सांगितले. मोरोपंतांनी तर एकशे आठ रामायणे रचली असे परंपरा सांगते. त्यांतील एक निरोष्ठ आहे, म्हणजे ओठ मिटावे लागणारे अक्षर त्यात वापरायचे नाही. रामाची कथा सांगायची आणि 'राम' हा शब्द मात्र उच्चारायचा नाही! अशा बंधनातूनही जुन्या कथेला नवे रूप मिळते.

आमची श्रद्धाही पुनर्कथनाला परकी नाही. आपल्याआधी अनेकांनी हा वृत्तांत लिहायला घेतला होता, हे संत लूक आरंभीच सांगतात आणि तरीही पुन्हा लिहितात. ख्रिस्तसभेने चार शुभवर्तमाने चार म्हणूनच जपली. संत इग्नेशियस आपल्या 'आध्यात्मिक साधने'त येशूजन्मावर मनन करणाऱ्याला सांगतात की, तू एक दीन सेवक होऊन त्या गोठ्यात उभा राहा, पाहा, सेवा कर. त्या मुलीने रंगवलेली बाई याहून फार वेगळे काय करत होती? याच संघातील फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडचे गोव्यात आले. त्यांनी पवित्र शास्त्रातील कथा मराठी ओवीत ओवली, तिला पुराणाचे रूप दिले. १६१६ साली राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात कथा जुनीच आहे. तिचा श्वास मात्र या मातीचा आहे.

तर मग कोणतीही भर चालेल काय? नाही. युरोपात ख्रिस्ताच्या दुःखसहनाची नाटके शतकानुशतके झाली. त्यांतील अनेकांत यहुद्यांना दुष्टपणाचे पुतळे करून रंगवले गेले आणि त्या रंगवण्याने खऱ्या माणसांविषयीचा द्वेष पोसला. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सरसकट त्या लोकांवर टाकता येत नाही, हे ख्रिस्तसभेने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेत स्पष्ट केले. तेव्हा "हे मूळात आहे का?" एवढाच प्रश्न पुरत नाही. आपण घातलेल्या भरीने कथेचे सत्य उजळते की एखाद्या माणसावर खोटा आळ येतो, हे पाहावे लागते. कंदील घेऊन जाणाऱ्या त्या बाईने कोणावर आळ घेतला नव्हता. दार बंद झाल्यावरही कोणाच्या तरी मनात दया जागी असू शकते, एवढेच ती सांगत होती.

राहिला दुसरा आक्षेप, अधिकाराचा. त्याचा विचार करताना आम्हाला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले. सुमारे दहा अध्याय झाले आणि १९१९ साली ते निवर्तले. लग्नानंतर नवऱ्याकडून बाराखडी शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पुरे केले. शुभवर्तमानावर टिळकांची रचना आणि त्या रचनेवर लक्ष्मीबाईंची. १९३६ साली नाशिकमध्येच त्यांचे देहावसान झाले. टिळक दांपत्य आमच्या कॅथलिक सभेचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाचा तो सामाईक ठेवा आहे. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडात थांबले आणि त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने ते पूर्ण केले, असे परंपरा सांगते. पत्नी असो की शिष्य, येथे अधिकार आला तो प्रेमातून आणि दीर्घ सहवासातून. शिवाय आरंभ कोणी केला हे कोणी लपवले नाही.

अर्थात प्रेम आहे म्हणून परवानगी नको, असे नव्हे. आपल्या देशाच्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे जपला आहे. रूपांतरासाठी हक्कधारकाची संमती लागते. लेखकाचे नाव पुसू नये, त्याच्या कीर्तीला बाध येईल अशी मोडतोड करू नये, हेही कायद्याला मान्य आहे. श्रमाची मजुरी बुडवू नये, हे तर धर्मशास्त्र आधीपासून सांगत आले आहे. मात्र आम्ही त्या मुलीला मास्तरांच्या घरचा रस्ता दाखवायला हवा होता. आम्ही तिला दार दाखवले.

नाताळानंतरच्या घरभेटीत आम्ही मास्तरीणबाईंना हे सारे सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, "फादर, मास्तरांनी तरी लहानपणी पाहिलेल्या नाटिकेवरूनच ही रचली होती. दर वर्षी दोन वाक्यं बदलायचे. पोरीला करू द्या. फक्त पहिल्या पानावर त्यांचं नाव राहू द्या."

पुढच्या नाताळात नवी नाटिका झाली. मुलगी तोवर परिचारिकेच्या शिक्षणासाठी परगावी गेली होती. आपल्या लेखणीतून उतरलेली ती बाई रंगमंचावर आलेली तिला पाहता आली नाही. आम्ही पत्र लिहून तिची क्षमा मागितली. उत्तर आले, त्यात रागाचा शब्द नव्हता, पण आमच्या मनाची रुखरुख गेली नाही. गुरूच्या हातून झालेली चूक शिष्याने माफ केली तरी गेलेली संध्याकाळ परत येत नाही.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आता दोन नावे आहेत. गेल्या नाताळाला एका मुलाने मेंढपाळांच्या प्रवेशात फेरफार सुचवला. आम्ही त्याला दोनच गोष्टी विचारल्या: तुझ्या बदलाने कोणावर अन्याय होत नाही ना? आणि ज्यांनी आधी लिहिले, त्यांना विचारलेस का? दोन्ही उत्तरे ऐकून घेतली आणि वही त्याच्या हाती दिली.